भिंतीवरचे बबनराव

"आजोबा, यानं कोणता फिल्टर लावला?"

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेली माझी नात भैरवी माझ्या खुर्चीच्या हातावर बसून हे विचारत होती. तिचं बोट माझ्या मांडीवरच्या पुस्तकात होतं आणि बोटाखाली रेम्ब्रां होता. म्हातारपणीचा रेम्ब्रां. डोळ्यांखालच्या पिशव्या, सुजलेलं नाक, कपाळावरच्या आठ्या, सगळं जसंच्या तसं.

"बेटा, हे रंगवलेलं चित्र आहे. त्यानं आरशात बघून स्वतःचं स्वतः काढलं."

"म्हणजे सेल्फी. मग इतका वाईट आला तर डिलीट का नाही केला?"

मी पुस्तक मिटलं. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून मी जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले. कालवा काही कोणासारखा दिसत नाही, त्यामुळे त्या नोकरीत माझी हौस कधीच भागली नाही. हौस होती ती चेहऱ्यांची. जगातल्या मोठ्या चित्रकारांनी माणसांचे चेहरे कसे काढले, याची पुस्तकं मी जमवली आणि ती बघणारा घरात मी एकटाच उरलो. त्या दुपारी मी जाहीर केलं की पुसदमधल्या आमच्या चिंतामणीनगरातल्या मुलांना आपण व्यक्तिचित्रांची ओळख करून देणार. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी वर्ग आणि शेवटी प्रदर्शन.

"तुम्हाला सुखानं बसवत नाही काय?" आमच्या रत्नप्रभाबाई फराळाचे डबे लावता लावता म्हणाल्या. मी त्याकडे दुर्लक्ष केलं. प्रत्येक कलावंताच्या घरी असा एक आवाज असतोच.

बातमी कॉलनीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. एकांनी विचारलं, याचे स्कॉलरशिपला मार्क धरतात का? दुसऱ्यांनी मला कोपऱ्यात घेऊन, घसा साफ करून विचारलं, "उघडीवाघडी चित्रं नाहीत ना?" मी म्हटलं, फक्त चेहरे आहेत. त्यावर त्यांचा चेहरा थोडा पडल्यासारखा वाटला. एक बाई म्हणाल्या, चित्रांसोबत योगासनंही घ्या, मुलांच्या पाठी वाकल्यात. शेजारचे बबनराव मात्र म्हणाले, "अनंतभाऊ, मी हाये तुमच्या मांगं." मला भरून आलं. ते शब्दशः मागे उभे राहून वर्ग चालू असताना सूचना देणार आहेत, हे तेव्हा कळलं नव्हतं.

बबनराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडवरच्या भोंग्यातून यवतमाळ, दिग्रस, उमरखेड अशी गावं पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर भोंगा सुटला, पण आवाज गेला नाही. ते चहा मागतात तेव्हा तिसऱ्या गल्लीतली माणसंही कप घेऊन बाहेर येतात.

वर्गाला जागा हवी होती म्हणून मी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहासाठी अर्ज घेऊन सचिवांकडे गेलो. सचिव गुलाबसिंग हे जुने कचेरीतले माणूस. त्यांनी अर्ज उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला.

"व्यक्तिचित्र म्हंजे कोनाचे फोटो लावता?"

मी नावं सांगितली.

"जयंती हाये का पुन्यतिथी?"

"दोन्ही नाही. ओळख आहे."

"ओळख आपल्यात नाही बसत न भाऊ. मंगलकार्य, जयंती, पुन्यतिथी. संस्था झाली तेव्हापासून सभागृहात या तिनाच्या बाहेर कोनं काही केलं नाही."

"मग जयंतीत टाका."

"जयंतीले मिरवनूक लागते. कोन जनमला, कुठी जनमला, मले लिवा लागते. मंगलकार्यात टाकलं त नवरदेव कोन म्हून विचारतीन." त्यांनी थोडा विचार केला. "बरं, हे सारे गेले न?"

"कोण?"

"हेच तुमचे, रेम्ब्रांट-फेम्ब्रांट."

"गेले. शेकडो वर्षं झाली."

"मंग झालं त! पुन्यतिथीत टाकून देतो." आणि त्यांनी सभागृहाच्या झाडलोटीचं बघणाऱ्या बसंतीबाईंच्या नावे तशी चिठ्ठी लिहून दिली. मला हसू आलं होतं. मी ते दाबलं. दाबायला नको होतं, तिथेच भांडायला हवं होतं.

वर्ग सुरू झाला. प्रोजेक्टरनं पडद्यावर मोनालिसा दाखवताच सुरभीनं हात वर केला. "सर, हिच्या भुवया कुठे गेल्या?" मी उत्तर जुळवेपर्यंत शेजारच्या निकितानं ते देऊनही टाकलं, "पार्लरवालीनं जास्तच काढल्या असतील." मग मी कानाला पट्टी बांधलेला व्हॅन गॉग काढला.

"मोटरसायकलवरून पडला काय?" रजतनं विचारलं.

खरं काय ते सांगावं की न सांगावं, या विचारात मी असताना मागून बबनरावांनी पुकारा केला, "हेल्मेट नाही घातलं त असंच होते पोट्टेहो!" आणि पोरांनी वह्यांत लिहून घेतलं.

मुघल बादशहाचं चित्र त्यांना आवडलं. तो एका बाजूला तोंड करून, गुलाबाचं फूल नाकाशी धरून उभा.

"तो फूल खाऊन राह्यला काय?"

"वास घेतोय."

"किती वेळचा?"

"चारशे वर्षं होत आली."

सगळी पोरं पुढे वाकून त्या बादशहाकडे बघायला लागली, आणि मला यवतमाळच्या आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर आठवले. त्यांच्याकडे पडदा नव्हता, यंत्र नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एकच छापील चित्र ते आणत आणि छातीशी धरून उभे राहत. "बोलू नका, बघा." आम्ही बघायचो. मग चित्र पुन्हा गुंडाळून विचारायचे, "उजेड कोणत्या गालावर होता?" सांगता आलं नाही की बाहेर जाऊन झाडाकडे बघत उभं राहायचं. शिक्षा म्हणून नव्हे, डोळ्यांना सवय लागावी म्हणून. त्या काळात बघायला चेहरेही कमीच असत. फोटो काढायचा म्हणजे अंघोळ करून, केसांना तेल लावून बाजारातल्या स्टुडिओत जायचं. तिथे खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे. मोठी माणसं तो कोट चढवून बसत, आणि फोटो निघाला की पुढच्याला देत. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर वेगवेगळे आजोबा एकाच कोटात बसलेले होते. आम्हाला त्यात काही चुकीचं वाटत नसे. कोट कोणाचा का असेना, चेहरा तर आपलाच होता.

हे सगळं मी पोरांना सांगितलं. निकिता म्हणाली, "म्हणजे कोटाचा फिल्टर." मी वाद घातला नाही.

चित्रं बघून झाल्यावर खरा माणूस समोर बसवून चेहरा काढायचा, असा माझा बेत होता. बसणार कोण? गुलाबसिंगांना वेळ नव्हता. रत्नप्रभेनं नुसतं माझ्याकडे बघितलं. बबनराव मात्र दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, दाढी करून हजर झाले आणि खुर्चीवर असे बसले, की त्यांना तिथून आता फक्त निवडणूकच उठवू शकेल.

"हलायचं नाही," मी सांगितलं.

"नाही हालत."

"बोलायचंही नाही."

इथे त्यांचा चेहरा कसनुसा झाला. पोरं चित्रं काढत होती आणि बबनरावांच्या ओठांवर गावंच्या गावं येऊन परत जात होती. पण बसले बिचारे. तास संपल्यावर ते चित्रं बघायला उठले आणि एकेका वहीपाशी त्यांचा रंग उतरत गेला. नाकाच्या डावीकडे त्यांना एक चामखीळ आहे. एकाही पोरानं ती सोडली नव्हती. रजतनं तर चामखिळीपासून सुरुवात करून मग जागा उरली तसा चेहरा काढला होता. कानातले केसही होते.

"हा मी नव्हे," बबनराव म्हणाले.

"अहो, रेम्ब्रांनंही स्वतःच्या पिशव्या लपवल्या नाहीत."

"त्याच्या बायकोले दाखवलं होतं का त्यानं?"

त्यांच्या पत्नी विमलताई डबा घेऊन आल्या होत्या. त्या भैरवीच्या चित्रापाशी थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हेच हायेत. अशेच बसतेत खिडकीत, कोनाची वाट पाह्यल्यावानी." बबनरावांनी डबा घेतला आणि ते निघून गेले. ते काही न बोलता गेलेले मी पहिल्यांदा पाहिले.

भैरवीचं चित्र मी मोठं करून काचेच्या चौकटीत बसवून आणलं. सभागृहाच्या मधल्या भिंतीवर ते लावलं, दोन बाजूंना तशाच चौकटींत रेम्ब्रां, मोनालिसा, बादशहा वगैरे मंडळी. संध्याकाळी त्याचा फोटो काढून मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. नुसता फोटो टाकणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून खाली एक ओळ लिहिली. ती सुचल्यावर मी स्वतःच थोडा वेळ तिच्याकडे कौतुकानं बघत बसलो होतो.

"चेहरा जातो, चित्र राहतं. आपले सर्वांचे लाडके बबनराव. उद्या सकाळी सभागृहात दर्शनास यावे."

आता तुम्ही वाचलीत तशी ती मी तेव्हा वाचली नाही. मी ती कलेच्या अंगानं वाचली.

सकाळी सभागृहात गेलो तर दारातूनच उदबत्तीचा वास आला. बसंतीबाई पहाटेच बाजारात जाऊन आल्या होत्या. झाडून सगळ्या चित्रांना झेंडूचे हार घातलेले. रेम्ब्रांच्या कपाळावर, बरोबर भुवयांच्या मध्ये, काचेवर कुंकू. मोनालिसाला हळद-कुंकू दोन्ही. आणि सगळ्यांत मोठा, शेवंती गुंफलेला हार बबनरावांना.

"बसंतीबाई! हे काय?"

"चिठ्ठीत पुन्यतिथी लिवलं हाये न साहेब. बोडका फोटो बरा दिसते काय?"

"पण बबनराव जिवंत आहेत!"

बसंतीबाईंनी पदर तोंडाला लावला. "कालपरेंत चांगले होते. म्हून त मले लयच वाईट वाटलं."

मी खुर्ची ओढली, वर चढलो आणि हाराला हात घातला. तेवढ्यात दारातून पांढऱ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं आत आली. बबनरावांच्या वेळचे एसटीतले चालक, वाहक, कारकून. माझी ओळ ग्रुपमधून बाहेर पडून एसटीवाल्यांच्या हाती लागली होती, आणि एसटी कुठे कुठे जाते हे मी सांगायला नको. त्यांना वाटलं मी हार नीट करतोय. त्यांनी चपला काढल्या, रांगेत उभे राहिले आणि माना खाली घातल्या. आता शांतता पाळणाऱ्या माणसांना मध्येच काय सांगणार? मीही खुर्चीवर उभ्या उभ्या मान खाली घातली.

मान खाली असतानाच मी तिरप्या नजरेनं दाराकडे बघितलं. नवा कुर्ता घालून बबनराव आत येत होते. सगळे असे उभे बघून त्यांना वाटलं, उद्घाटनाची प्रार्थना चालू आहे. तेही मागच्या रांगेत हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले.

पुढचे एक गृहस्थ दोन पावलं पुढे आले. "बबनराव म्हंजे शिस्त," ते म्हणाले. "त्यायच्या आवाजावर लोक घड्याळ लावत. मानूस जरासा तापट होता, पन..."

"कोन तापट?" मागच्या रांगेतून पुकारा झाला.

त्यानंतर जे झालं त्याला धावपळ म्हणतात. एक वाहक बादशहावर आदळला. एकांनी बबनरावांना चिमटा काढून बघितला आणि त्याबद्दल शिवी खाल्ली, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली. बबनरावांनी हाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अजून खुर्चीवरच होतो. खाली उतरायला धीर होत नव्हता.

"अनंतभाऊ, मी काय बिघडवलं होतं तुमचं?"

मी हार सोडवायला हात वर केला, तोच एक माणूस धावत आत आला. साठीच्या पुढचा, रापलेला, सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले. तो कोणाकडेही न बघता सरळ चित्रापाशी गेला आणि भिंतीला डोकं टेकून रडायला लागला.

"दादा, एका फोटोपायी मी तुह्या दाराशी आलो नाही रे! एका फोटोपायी!"

हे बबनरावांचे धाकटे भाऊ घनश्याम. केळापूरजवळच्या त्यांच्या गावी शेती बघतात. बबनरावांच्या मुलाच्या लग्नात स्टेजवर घरच्यांचा फोटो निघाला, तेव्हा घनश्यामच्या घरच्यांना कोणी बोलावलंच नाही. ते पंगतीत वाढत होते, राहून गेलं. पुढे अल्बम आला आणि त्यात आपण कुठेच नाही हे बघून घनश्यामनं बोलणं तोडलं. बबनरावांनीही मग उलट फोन केला नाही. हे आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं, कारण बबनराव ते कधीच बोलत नसत, आणि त्यांचं न बोलणं फार ऐकू येत असे.

"घन्या," बबनराव हळू म्हणाले. इतका हळू आवाज त्यांच्याकडे होता हे मला ठाऊक नव्हतं.

घनश्याम वळले. त्यांनी माणसाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा माणसाकडे बघितलं. रडणं थांबलं आणि राग चढला.

"जिता हायेस त फोन काहून नाही केला? कापसाची येचनी टाकून आलो मी! रस्ताभर रडत आलो! कंडक्टरनं पानी पाजलं मले!"

"तूच त मले ब्लॉक केलतं! कुठून लागन फोन?"

"अल्बममधून मले कोनं ब्लॉक केलं पह्यले, ते सांग!"

झालं. लग्न, स्टेज, पंगत, फोटोवाला, सगळं पहिल्यापासून सुरू झालं. विमलताई मध्ये पडल्या, गुलाबसिंग मध्ये पडले. शोक करायला आलेले लोक आता दोन्ही बाजूंनी साक्षी द्यायला लागले. घनश्याम चपला शोधायला लागले. एकदा का त्या सापडल्या असत्या तर तो माणूस पुन्हा आला नसता, हे सगळ्यांनाच दिसत होतं, आणि हे घडवून आणणारा मी, खुर्चीवर.

तेवढ्यात भैरवी वही घेऊन दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "दोघांचं कपाळ सेम आहे," ती म्हणाली. "बसा ना. मला दोघांना काढायचंय."

घनश्याम म्हणाले, "मले टाइम नाही."

"स्टेजवरचा फोटो नाही निघाला ना? मग आता काढते की."

घनश्याम बाकावर टेकले. बबनराव दुसऱ्या टोकाला. "असं नाही, एकमेकांकडे बघा," भैरवीनं सांगितलं, "आणि हलायचं नाही." नाइलाजानं दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पोरं भोवती वह्या उघडून बसली. पेन्सिलींची खरखर तेवढी ऐकू येत होती. इतकी वर्षं न भेटलेल्या दोन माणसांना एवढा वेळ नुसतं बघत बसायला लावणं सोपं नसतं.

"म्हतारा झाला बे तू," घनश्याम म्हणाले.

"नाक बाबाचं गेलं तुह्याकडे," बबनराव म्हणाले. "मले नाही भेटलं."

"कान तुह्याकडे हायेत न. असेच होते मोठे."

भैरवी थांबली. "बाबांचा फोटो दाखवा ना, कसे होते?"

फोटो नव्हताच. एकदा कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा फोटोवाल्याच्या पडद्यासमोर उभं राहायचं ठरलं होतं. पण बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी काढू, आता पोरायले भूक लागली. पुढच्या वर्षी बाबा नव्हते.

भैरवीनं कोरं पान उलटलं. "सांगा मला. नाक या आजोबांचं, कान त्या आजोबांचे. पुढे?"

मग जे भांडण झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मिशी खाली वळलेली की सरळ? टोपी की रुमाल? हनुवटीवर खळी होती की तो बैलानं मारल्याचा व्रण होता? भैरवी खोडत होती, काढत होती, पुन्हा खोडत होती. कागद मधोमध झिजला. एसटीवाले मागून वाकून बघत होते. मी केव्हा खुर्चीवरून उतरलो मला आठवत नाही.

"डोये अजून बारीक कर माय," घनश्याम म्हणाले. "उन्हातून घरी आल्यावानी."

तिनं डोळे बारीक केले. आणि बबनराव एकदम उठून उभे राहिले. लहानपणी वडील घरात आले की उभं राहायची पद्धत होती, तसे. घनश्यामही उभे राहिले. विमलताईंनी डोक्यावर पदर घेतला. त्यांनी सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रेम्ब्रांबद्दल त्या दिवशी कोणी मला एक अक्षर विचारलं नाही. प्रदर्शनाच्या यशाबद्दल गुलाबसिंगांनी हात मिळवला तोही भैरवीशी. मी मनाला लावून घेतलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे.

बाबांचं चित्र कोणाकडे राहणार यावरून दुपारभर पुन्हा वाजलं, आणि आधी गावाकडच्या घरी न्यायचं ठरलं. घनश्यामसोबत बबनरावही निघाले. मी बसस्टँडवर पोचवायला गेलो होतो. गाडी लागली. आत दोघं भाऊ खिडकीच्या सीटसाठी हुज्जत घालत होते, जसे लहानपणी घालत असतील. गाडी हलली तरी वाद मिटला नव्हता. मग बबनरावांनी मांडीवरचं चित्र धाकट्याच्या हातात दिलं, त्याला आतल्या बाजूला सरकवलं आणि बाहेर उभ्या असलेल्या मला, चहावाल्याला, बसस्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बाबाले खिडकीजवळ घे रे घन्या, त्यायले गाडी लागते."